लाठीपुढे उभा राहिलेला सेनापती

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर हा कर्जतसारखाच अवर्षणप्रवण तालुका. तेथे १२ नोव्हेंबर १८८० रोजी जन्मलेले पांडुरंग महादेव बापट पुढे ‘सेनापती’ या नावाने महाराष्ट्राला परिचित झाले. निःशस्त्र माणसावर राज्यसत्तेने बळ वापरावे काय आणि किती, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात वारंवार उभा राहिला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १९०४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. राजकीय भाषणांमुळे शिष्यवृत्ती गेली, तेव्हा पॅरिसमध्ये हेमचंद्र दास यांच्यासमवेत त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बविद्या आत्मसात केली. अलीपूर बॉम्ब खटल्यानंतर त्यांना चार वर्षे अज्ञातवासात काढावी लागली. अटक आणि सुटकेनंतर ते पारनेरला परतले आणि हाती खराटा घेऊन गावातील रस्ते झाडू लागले.

१९२१ मध्ये मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. मावळ्यांनी मार सोसला, तुरुंगवास पत्करला. तरीही कायद्याच्या आधारे जमिनी गेल्याच. ‘सेनापती’ ही उपाधी बापटांना याच लढ्याने दिली. अहिंसेचे बंधन त्यांना निरपवाद वाटत नव्हते. १९२४ मध्ये त्यांनी शस्त्र हाती घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडविली आणि त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा भोगली. आपल्या कृत्याची किंमत आपणच मोजावी, हा त्यांचा बाणा होता.

उतारवयात मात्र ते शस्त्राविना पोलिसांसमोर गेले, ते एकाच वर्षात दोनदा. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींच्या तुकडीत चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती होते. पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींना निर्दयपणे मारहाण केली. गोरे यांची तुरुंगातून सुटका १९५७ मध्येच झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. देशभर संताप उसळला.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी तीच वेळ मुंबईवर आली. नोव्हेंबरमध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधिमंडळावर गेलेल्या मोर्चाचे नेतृत्व सेनापतींनी केले. २१ नोव्हेंबर रोजी फ्लोरा फाउंटन परिसरात जमलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ जणांचे प्राण गेले. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. बंदुका स्वकीयांच्या होत्या. आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या अखेर शंभराच्या वर गेली.

सीमाप्रश्नासाठी १९६६ मध्ये सेनापतींनी उपोषण आरंभिले आणि केंद्राला महाजन आयोग नेमावा लागला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुणे आणि मुंबईतील हमरस्त्यांना आज त्यांचे नाव आहे. लाठी आणि अश्रुधुराच्या जोडीला छर्ऱ्यांच्या बंदुका आणि विजेचा झटका देणारी साधने जगभरच्या पोलिसांच्या हाती आली आहेत. ही साधने कमी घातक असल्याचे सांगितले जाते. त्यांचा धाक ज्यांच्यावर चालतो, त्यांच्या हाती मात्र सेनापतींच्या त्या तुकडीप्रमाणे पुष्कळदा काहीच नसते. गोव्यात जे अत्याचार ठरले, ते मुंबईत कायदा व सुव्यवस्था कसे ठरते, हा १९५५ चा प्रश्न त्यांच्या चरित्राबरोबर शिल्लक राहिला आहे.