पट्ट्यांच्या तक्त्यामागचा माणूस

पुण्या-मुंबईतील कोणत्याही मोठ्या कंपनीच्या बैठकीत पडद्यावर एक तक्ता हमखास झळकतो. डावीकडे कामांची यादी, वर तारखांची ओळ आणि मध्ये लहान-मोठ्या आडव्या पट्ट्या. उड्डाणपूल असो, मेट्रोचे स्थानक असो वा बँकेचे नवे सॉफ्टवेअर, कोणते काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे या पट्ट्या सांगतात. प्रकल्प व्यवस्थापक माऊसने एखादी पट्टी थोडी उजवीकडे ओढतो, तिचा रंग बदलतो, तिच्या शेजारी कोणाचे नाव दिसावे ते ठरवतो आणि तक्ता पुन्हा नीटनेटका होतो. या तक्त्याला सारे जण ‘गँट चार्ट’ म्हणतात. परंतु गँट हे एका हाडामांसाच्या माणसाचे आडनाव आहे आणि ठरलेले काम व झालेले काम यांतील अंतर कोणालाही झाकता येऊ नये, यासाठी त्याने हा तक्ता घडवला होता, याची जाणीव फार थोड्यांना असते.

हेन्री लॉरेन्स गँट यांचा जन्म २० मे १८६१ रोजी अमेरिकेतील मेरिलँड राज्यात, काल्व्हर्ट परगण्यात झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाला तोंड फुटून तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. घराणे जमीनदारांचे होते आणि त्या काळातील दक्षिणेकडील जमीनदारांप्रमाणे त्यांची शेतीही गुलामांच्या श्रमावर चालत असे. १८६४ मध्ये मेरिलँडमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली, पाठोपाठ युद्धही संपले आणि गँट कुटुंबाची सुबत्ता ओसरली. हेन्री यांचे बालपण ओढाताणीत गेले. बाल्टिमोरजवळची मॅकडोनो शाळा गरीब मुलांसाठी काढलेली होती आणि तेथे अभ्यासाबरोबर शेतावर राबावेही लागत असे. १८७८ मध्ये गँट या शाळेतून बाहेर पडले. वेळेवर उठणे, नेमून दिलेले काम पुरे करणे, हाताने कष्ट करणे हे संस्कार तेथेच झाले, असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता म्हणावे लागेल.

१८८० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी घेऊन ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले. परंतु यंत्रांची ओढ स्वस्थ बसू देईना. न्यू जर्सीतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि १८८४ मध्ये ती पदवीही मिळवली. बाल्टिमोरमधील एका कारखान्यात आरेखक म्हणून काम करून ते काही काळ पुन्हा अध्यापनाकडे वळले. हा शिक्षकी पिंड त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. कामगाराला हाकायचे नसते, शिकवायचे असते, ही त्यांची पुढील भूमिका याच अनुभवातून आलेली होती.

१८८७ मध्ये गँट फिलाडेल्फियातील मिडव्हेल पोलाद कंपनीत रुजू झाले आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. तेथे फ्रेडरिक विन्स्लो टेलर नावाचा एक हट्टी अभियंता घड्याळ हातात घेऊन कामाचे तुकडे पाडत होता. प्रत्येक कामाला खरोखर किती वेळ लागतो, यंत्र कोणत्या वेगाने चालवावे, धातू किती खोल कापावा हे अंदाजाने नव्हे तर मोजून ठरवावे, असा टेलर यांचा आग्रह. गँट त्यांचे सहायक झाले. टेलर हेही स्टीव्हन्स संस्थेचेच, एका वर्षाने आधीचे पदवीधर. धातू कापण्याच्या किचकट गणितात गँट यांनी त्यांना मोलाची साथ दिली आणि दोघांच्या नावावर काही संयुक्त पेटंटेही झाली. ‘शास्त्रशुद्ध व्यवस्थापन’ या नावाने पुढे जगभर गेलेल्या विचाराचे हे सुरुवातीचे दिवस होते. हे नाव ज्या बैठकीत नक्की झाले, ती १९१० मधील बैठक न्यूयॉर्कमध्ये गँट यांच्याच घरी भरली होती.

गुरू-शिष्यांची ही जोडी मात्र एका मुद्द्यावर वेगळी झाली. टेलर यांच्या मजुरीच्या पद्धतीत ठरलेले काम पुरे करणाऱ्याला नगामागे जादा दर मिळे आणि जो कमी पडे त्याला सरसकट कमी दर. म्हणजे शिकाऊ कामगाराला आधीच कमी नग, त्यात दरही कमी असा दुहेरी फटका बसे. १८९९ मध्ये टेलर यांच्या बोलावण्यावरून गँट बेथलहेम पोलाद कंपनीत गेले. तेथे १९०१ मध्ये त्यांनी निराळी पद्धत अमलात आणली. दिवसाचे काम आधी नेमून द्यायचे, ते कसे करायचे हे लिहून द्यायचे आणि शिकवायचे. काम पुरे झाले तर रोजाच्या मजुरीवर बोनस. पुरे झाले नाही तरी त्या दिवसाची मजुरी मात्र ठरलेली, ती कोणी कापायची नाही. याशिवाय मुकादमालाही बोनस ठेवलेला होता. त्याच्या हाताखालचे जितके कामगार बोनस मिळवतील तितका त्याचा लाभ अधिक आणि सारेच यशस्वी झाले तर आणखी वर. मुकादमाचे लक्ष साहजिकच हुशार कामगारावरून मागे राहिलेल्या कामगाराकडे वळले. दरडावणारा मुकादम शिकवणारा व्हावा, ही त्यामागची युक्ती होती.

या पद्धतीला त्यांनी ‘नेमून दिलेले काम आणि बोनस’ असे नाव दिले. ‘नेमून दिलेले काम’ या शब्दप्रयोगावर आक्षेप येणार, हे त्यांना ठाऊक होते. गुलामांच्या मळ्यांवरही रोजचे काम असेच नेमून दिले जाई आणि त्यांच्या स्वतःच्या घराण्याचा इतिहास त्यापासून दूर नव्हता. या शब्दाला चिकटलेल्या त्या जुन्या अर्थाची दखल त्यांनी आपल्या लेखनात घेतली, पण शब्द सोडला नाही. त्यांच्या मते फरक मोबदल्यात आणि संमतीत होता. अलीकडच्या इतिहास संशोधकांना हे उत्तर पुरेसे वाटत नाही आणि मळ्यांवरील हिशेबांचे आधुनिक व्यवस्थापनाशी असलेले नाते आता नव्याने तपासले जात आहे. गँट यांच्या चरित्रातील हा कोपरा झाकून पुढे जाता येणार नाही.

तक्त्यांची कल्पना याच बोनस पद्धतीतून जन्माला आली. रोज कोणाचे काम पुरे झाले हे पाहण्यासाठी गँट यांनी प्रत्येक कामगाराच्या नावापुढे आडवी ओळ आखली. बोनस मिळाला त्या दिवशी काळी खूण, हुकला त्या दिवशी लाल. कागदाकडे नुसती नजर टाकली तरी कोठे अडते आहे ते उमगे. एकाच माणसापुढे लाल खुणा असतील तर त्याला शिकवण्याची गरज आहे. एका दिवशी साऱ्यांपुढेच लाल खुणा असतील तर दोष माणसांचा नसून व्यवस्थेचा आहे. १९०३ मध्ये अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी उत्पादनाचा रोजचा ताळेबंद आलेखरूपाने कसा मांडावा यावर निबंध वाचला.

पुढे स्वतंत्र सल्लागार म्हणून त्यांनी अनेक उद्योगांत काम केले. १९१० मध्ये काम, मजुरी आणि नफा या विषयावरील त्यांचे पुस्तक आले आणि १९१६ मध्ये औद्योगिक नेतृत्वावरील. बंद पडलेल्या यंत्रांचा खर्च तयार मालाच्या किमतीत मिसळू नये, असेही ते १९१५ पासून हिरिरीने मांडू लागले. यंत्र रिकामे राहिले तर तो व्यवस्थापनाचा तोटा. त्याचा भार ग्राहकाने का सोसावा, हा त्यांचा सवाल होता. हा विचार कारखानदारांना रुचण्यासारखा नव्हता.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि गँट यांच्या तक्त्यांचा खरा कस लागला. दारूगोळ्याच्या मागण्या लाखांच्या घरात नोंदल्या जात होत्या, पण त्यांतील किती माल तयार आहे आणि कोठे अडला आहे हे एका दृष्टिक्षेपात सांगता येत नव्हते. नोंदी होत्या, पण त्या आकड्यांच्या रकान्यांत गाडलेल्या. गँट यांनी फिलाडेल्फियातील फ्रँकफर्ड शस्त्रागारात आणि सैन्याच्या शस्त्रसामग्री विभागात आपली पद्धत लावली. पुढे जहाजबांधणीच्या आणि जहाज वाहतुकीच्या सरकारी यंत्रणांसाठीही असे तक्ते तयार झाले.

या तक्त्याची रचना साधी, पण विलक्षण होती. समजा, एका महिन्याचा रकाना आहे आणि त्या महिन्यात दोनशे तोफगोळे व्हायचे आहेत. मग त्या रकान्याची रुंदी म्हणजे एक महिना आणि तीच रुंदी म्हणजे दोनशे गोळे. प्रत्यक्षात दीडशे झाले तर बारीक रेघ रकान्याच्या तीन चतुर्थांशापर्यंतच जाई. त्याखाली एक जाड रेघ सुरुवातीपासूनचे एकूण काम दाखवी. वर आजच्या तारखेची खूण असे. जाड रेघ त्या खुणेच्या मागे राहिली की काम किती मागे पडले हे वेगळे विचारावे लागत नसे. यंत्रांच्या आणि कामगारांच्या तक्त्यांत काम का अडले याचे उत्तरही अक्षराने लिहिलेले असे. माणूस गैरहजर, माल नाही, यंत्र दुरुस्तीला, हत्यार नाही, कामगार नवखा अशा प्रत्येक कारणाला एक अक्षर ठरलेले होते. ते अक्षर वाचले की जबाबदारी कोणाची हे आपोआप ठरत असे आणि बहुतेक वेळा ती कामगाराची नसून वरच्या खुर्चीची निघे. माल वेळेवर आणणे, यंत्र दुरुस्त ठेवणे हे कामगाराच्या हाती थोडेच असते?

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत गँट अधिकाधिक अस्वस्थ होत गेले. उद्योग नफ्यासाठी नव्हे तर समाजाच्या सेवेसाठी चालला पाहिजे आणि त्याची सूत्रे मालकी हक्कापेक्षा जाणकारीवर सोपवली पाहिजेत, असे ते उघडपणे मांडू लागले. १९१६ च्या अखेरीस त्यांनी समविचारी अभियंत्यांना आणि विचारवंतांना एकत्र आणून ‘न्यू मशीन’ नावाची संघटनाही काढली. परंतु युद्धाच्या धामधुमीत ती टिकली नाही. १९१९ मध्ये त्यांचे शेवटचे पुस्तक प्रसिद्ध झाले. उद्योगाने आपले समाजाशी असलेले कर्तव्य ओळखले नाही तर समाज उद्योगच ताब्यात घेईल, असा इशारा त्यात होता. त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी, वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तक्त्याचे पेटंट गँट यांनी घेतले नव्हते. त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ मध्ये या तक्त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि तक्ता जगभर पसरला. दुसरे सहकारी वॉल्टर पोलाकोव्ह यांनी १९२९ मध्ये सोव्हिएत रशियात जाऊन पंचवार्षिक योजनेच्या कामी तो वापरून दाखवला. भांडवलशाही अमेरिकेत जन्मलेला तक्ता साम्यवादी रशियालाही उपयोगी वाटला, हा इतिहासातील एक चमत्कारच. १९२९ मध्येच त्यांच्या नावाने गँट पदक सुरू झाले आणि पहिले पदक मरणोत्तर त्यांनाच देण्यात आले. पोलंडचे अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ च्या सुमारास अशाच स्वरूपाचा तक्ता तयार केला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यांचे लेखन पश्चिमेकडे उशिरा पोहोचले आणि नाव गँट यांचे राहिले.

त्यानंतर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक काम दुसऱ्यावर कसे अवलंबून असते हे दाखवणाऱ्या जाळ्यांच्या पद्धती आल्या आणि १९८० च्या दशकात हे सारे संगणकावर आले. १९८४ मध्ये मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती निघाली. आजच्या पडद्यावरील पट्ट्या आणि त्यांना जोडणारे बाण गँट यांनी पाहिले असते तर त्यांना कदाचित ते आपले वाटलेच नसते. त्यांच्या तक्त्यात बाण नव्हते. होते ते फक्त वचन आणि त्यापुढे त्याची पूर्तता.

आज मुदत टळली की पट्टी पुढे सरकवली जाते आणि नवा आराखडाच जणू पहिल्यापासून ठरलेला होता, असा भास होतो. सॉफ्टवेअरमध्ये मूळ आराखडा जपून ठेवण्याची सोय आहे. जुनी पट्टी नव्या पट्टीखाली दाखवता येते, झालेल्या कामाची रेघ पट्टीच्या आत काढता येते, पट्टीच्या डाव्या, उजव्या वा वरच्या बाजूला हवा तो मजकूर लिहिता येतो. या सोयी वापरायच्या की नुसता रंग बदलून बैठक निभावून न्यायची, हे अर्थातच वापरणाऱ्यावर आहे. पट्टीशेजारी आपण सहसा काम करणाऱ्याचे नाव लिहितो. गँट यांच्या तक्त्यांवर नावापुढे काम अडण्याचे कारणही लिहिलेले असे. विलंबाच्या पट्टीशेजारी नुसते कनिष्ठ कर्मचाऱ्याचे नाव झळकत असेल आणि माल कोणी आणला नाही, मंजुरी कोणी दिली नाही याचा उल्लेखही नसेल, तर तो तक्ता गँट यांच्या नावाचा असला तरी त्यांच्या विचारांचा नाही, एवढे मात्र निश्चित.