ताराबाई मोडक : अंगणात गेलेली शाळा

‘बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’ या दोन सामासिक शब्दांकडे क्षणभर लक्ष द्या. पहिल्यातील पूर्वपद शाळा कोणासाठी आहे हे सांगते. दुसऱ्यातील पूर्वपद ती कोठे भरते हे सांगते. या एका पदाच्या बदलामागे ताराबाई मोडक यांच्या आयुष्यातील एक मोठा पेच आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही काळ अमरावतीत गेला. पुढे घटस्फोट झाला. राजकोटला स्त्री-अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्यपद मिळाले होते, तेही त्यांनी सोडले आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात त्या सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

माँटेसरी पद्धती तोवर आपल्याकडे मुख्यतः शहरांतील सुस्थित घरांपुरती होती. तिची साधने महाग, आणि मूल वेळेवर, स्वच्छ होऊन शाळेत येईल हे त्यात गृहीतच धरलेले. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाईंनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, तेव्हा हे गृहीतक कोसळले. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. पालकांना शिक्षणाची आस्था नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोपे होते. (तो आजही आपण फार चटकन काढतो.) ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. शिंपले, खडे, बिया, पाने ही शिक्षणसाधने झाली. मुलांना न्हाऊमाखू घालण्यापासून दिवस सुरू होई. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथील मोठी मुले गुरे राखत. तेव्हा कुरणातच शाळा भरू लागली. नोकरी किंवा घरकाम सांभाळून शिकणाऱ्या आपल्याला त्यामागचा विचार निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द देशभर पोहोचला. मात्र योजनेत पोषण व लसीकरण पुढे राहिले आणि शिक्षण मागे पडले, असे माझे मत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हा वयोगट पुन्हा शिक्षणाच्या आराखड्यात घेतला आहे.

हा घटक वाचून झाल्यावर आपल्या गावातील अंगणवाडीत अवश्य जा. तेथे कोणत्या वस्तीतील मुले येत नाहीत, आणि आलेल्या मुलांची घरची बोली वर्गात ऐकू येते का, याची नोंद स्वाध्यायवहीत करा.