शिक्षक राष्ट्रपती : डॉ. झाकीर हुसेन

मुलांनो, गणित, विज्ञान, इतिहास हे विषय तुम्ही उर्दूतून शिकता. मराठी मात्र तुम्ही दुसरी भाषा म्हणून शिकता. मुलाचे शिक्षण आधी त्याच्या स्वतःच्या भाषेतून व्हावे, मग त्याला इतरांची भाषाही यावी, या विचारासाठी एका शिक्षकाने आयुष्यभर कष्ट घेतले. पुढे हा शिक्षक भारताचा राष्ट्रपती झाला. त्यांचे नाव डॉ. झाकीर हुसेन.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबाद येथे झाला. ते लहान असतानाच वडील वारले. काही वर्षांनी प्लेगच्या साथीत आईही गेली. तरी झाकीर हुसेन खचले नाहीत. इटावा येथील इस्लामिया हायस्कूलमधून ते अलीगढच्या कॉलेजात गेले. १९२० मध्ये गांधीजींनी सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्था सोडण्याचे आवाहन केले. तेव्हा त्यांनी कॉलेज सोडले. त्याच वर्षी जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था सुरू झाली. तिच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. तेथे उर्दूतून शिकवले जाई.

पुढे उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले. तेथे ते जर्मन भाषा शिकले आणि अर्थशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण नवी भाषा शिकताना ते आपली भाषा विसरले नाहीत. बर्लिनच्या छापखान्यातून त्यांनी गालिबचा दीवान छापून घेतला. प्लेटोचा प्रसिद्ध ग्रंथ त्यांनी उर्दूत आणला. मुलांसाठी ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्टही त्यांनीच लिहिली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती वाचली असेल!

१९२६ मध्ये ते भारतात परतले. जामियाजवळ तेव्हा पैसा नव्हता. संस्था बंद पडण्याची वेळ आली होती. झाकीर हुसेन आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रतिज्ञा केली. वीस वर्षे संस्थेची सेवा करायची आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त पगार घ्यायचा नाही! त्यांच्या या त्यागामुळे जामिया टिकली.

१९३७ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील वर्धा येथे गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. नव्या शिक्षणाची योजना तयार करण्याचे काम डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीकडे आले. सात वर्षांचे शिक्षण सर्वांना मोफत मिळावे, ते मातृभाषेतून व्हावे, मुलांनी हातांनी काम करत शिकावे, असे या योजनेत सांगितले होते. मातृभाषेचा पाया पक्का झाल्यावर इतर प्रांतांतील मुलांनी हिंदुस्थानी शिकावी, असेही त्यात होते.

स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशातील शाळांमधून उर्दू मागे पडू लागली. आपल्या भाषेतून शिकण्याची मुलांची सोय जाऊ लागली. ती वाचवण्यासाठी गावोगाव लोकांच्या सह्या गोळा करण्यात आल्या. वीस लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन घेऊन १९५४ मध्ये डॉ. झाकीर हुसेन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांना भेटले. ना दंगा, ना कोणत्या भाषेचा द्वेष! पण ती मागणी त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. १९८९ मध्ये उर्दूला त्या राज्यात दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळाला.

पुढे ते बिहारचे राज्यपाल, देशाचे उपराष्ट्रपती आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. १९६३ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या आवारातच आहे.

मुलांनो, आपल्या भाषेसाठी झटणारा हा माणूस दुसऱ्यांची भाषाही तितक्याच आवडीने शिकला. तुम्ही मराठीत अडखळलात, तर लाजू नका. शेजारच्या मित्राशी मराठीत बोला. त्याला उर्दूचे चार शब्द शिकवा. दोघांचेही भले होईल.