रमाईंचा घरखर्च आणि आपल्यावरचे ऋण

दरवर्षी ७ फेब्रुवारीला माता रमाईंची जयंती आणि २७ मे रोजी स्मृतिदिन आपण साजरा करतो. वस्त्यावस्त्यांतून प्रतिमेला हार घातले जातात, गाणी गायिली जातात, भाषणे होतात. या भाषणांतून एक शब्द हमखास ऐकायला मिळतो, तो म्हणजे 'त्यागमूर्ती'. हा शब्द खोटा नाही. परंतु तो उच्चारला की विषय संपला, असे आपण मानतो. त्याग म्हणजे नेमके काय? किती रुपयांचा, किती वर्षांचा आणि कशासाठी? हा हिशेब आपण कधी मांडतच नाही. ज्या घराने या देशाला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ दिला, त्या घराचा जमाखर्च कोणी सांभाळला, हे चळवळीतील प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे.

रमाईंचा जन्म १८९८ सालचा, कोकणातील दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील दोघेही लवकर गेले आणि ही पोरकी भावंडे नातेवाइकांनी मुंबईला भायखळ्यास आणली. तेथेच सुभेदार रामजींनी आपल्या भीमासाठी त्यांना पसंत केले. लग्नाच्या वेळी रमा नऊ-दहा वर्षांची होती. लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री, दुकाने उठल्यावर. मंडप नाही, वाजंत्र्यांचा थाट नाही. बाजाराचे दगडी ओटे हीच पाहुण्यांची बैठक. ज्यांच्या नावाने पुढे देशाच्या राज्यघटनेचा इतिहास लिहिला गेला, त्यांचे लग्न कर्ज काढून झाले नाही, ही गोष्ट लग्नसराईत जरूर आठवावी.

रामजींच्या घरात कर्ज नव्हते काय? होते. पण ते कशासाठी, हे पाहा. सुभेदारांची पेन्शन महिन्याला ५० रुपये. भीमाला नवे पुस्तक हवे झाले की सुभेदार लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण टाकून पुस्तक आणत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करत. या घरात दागिना मिरवण्यासाठी नव्हता, तो पुस्तकाचा तारण होता. रमाई ज्या घरात सून म्हणून आल्या त्या घराची ही रीत. हीच रीत त्यांनी पुढे आयुष्यभर चालविली.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. घरातील पेन्शनचा आधार तुटला. त्याच वर्षी बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळून बाबासाहेब अमेरिकेला गेले. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची, आणि बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. म्हणजे पदवीपूर्वीच डोक्यावर ऋण आले. मागे मुंबईत राहिली पंधरा वर्षांची रमाई आणि कडेवर तान्हा यशवंत. परळच्या पोयबावडीतील इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या, हेच घर. कुटुंब मात्र नवरा-बायको-मूल एवढे छोटे नव्हते. जाऊ लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि रमाईंची धाकटी भावंडे, या सर्वांची चूल एकच होती.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. सामान व पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते युद्धात बुडाले. त्याची जी नुकसानभरपाई मिळाली, त्यातून काही पैसे रमाईंच्या हाती घरखर्चाला ठेवून ते करार पाळण्यासाठी बडोद्यास गेले. तेथे काय घडले हे आपण सारे जाणतो. विदेशी पदव्या मिळविलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. कचेरीतील शिपाई त्याच्या टेबलावर कागद लांबून फेकत. जातिव्यवस्थेने माणसाचा अपमान तर केलाच, पण त्याची नोकरी, त्याचा पगार आणि त्याचे ऋण फेडण्याचे साधनही हिरावून घेतले. दारिद्र्य हे दैवाचे फळ नसून ते व्यवस्थेने लादलेले असते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी होती. चाळ सोडून चांगल्या वस्तीत घर घेता आले असते. बायकोच्या अंगावर सोने घालता आले असते. नात्यागोत्यात मोठेपणा मिरवता आला असता. आजचे आपले अनेक साहेब पहिल्या पगारात हेच करतात. या जोडप्याने तसे केले नाही. राहणे त्याच दोन खोल्यांत ठेवले. पगारातील ठरावीक रक्कम बाबासाहेब रमाईंच्या हातावर ठेवत आणि बाकीची लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी बाजूला टाकत. त्या ठरावीक रकमेत एवढ्या माणसांचे महिनाभर भागवायचे, ही रमाईंची जबाबदारी. आमचा पगार वाढला मग आमची चूल का वाढत नाही, असा हट्ट त्यांनी केला असता तर लंडनचा प्रवासच झाला नसता. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा निघाले, तेव्हा गाठीला ही बचत होती, छत्रपती शाहू महाराजांची मदत होती आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज होते.

आता दोन टोकांना दोन चुली आणि दोन्हीकडे पोटाला चिमटा. लंडनमध्ये बाबासाहेब सकाळी पावाचा तुकडा व चहासारखे काही घेऊन ग्रंथालयात जात, दुपारचे जेवण टाळत आणि रात्री एका ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून भूक मारत. इकडे पोयबावडीत रमाई एकेक आणा मोजत होत्या. भाऊ शंकर मजुरी करून हातभार लावत होता. सरपणाला पैसे नकोत म्हणून रमाई शेण गोळा करून गोवऱ्या थापत, ही आठवण आपल्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९२१ मध्ये बाबासाहेबांनी लंडनहून रमाईंना पत्र लिहिले. पाठवायला आपल्याकडे पैसे नाहीत, काही तजवीज करतो आहे, ती वेळेत झाली नाही तर दागिने मोडून खावे, आल्यावर ते भरून देईन, असा त्याचा आशय. त्याच पत्रात यशवंत आणि मुकुंद यांच्या अभ्यासाची चौकशीही होती. घरात अन्नाची चिंता आणि पत्रात मुलांच्या अभ्यासाची विचारपूस! या जोडप्याच्या अंदाजपत्रकात पहिला खर्च कोणता होता हे यावरून कळते.

एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले. आता सुखाचे दिवस येतील असे कुणालाही वाटले असते. पण वकिलीची सनद काढण्यासाठीही मित्राकडूनच पैसे घ्यावे लागले. अस्पृश्य बॅरिस्टरला खटले द्यायला सॉलिसिटर तयार नसत. सरकारी नोकरी धरली असती तर दरमहा पगार मिळाला असता, पण मग तोंड बंद ठेवावे लागले असते. स्वतंत्र राहायचे म्हणून त्यांनी वकिली निवडली. त्या स्वातंत्र्याची किंमत घरखर्चातून वजा होत होती. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून महिन्याला २०० रुपये मिळू लागले, तेव्हा कुठे थोडा आधार झाला.

आणि या काळात काय गमावले? यशवंतखेरीज गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार अपत्ये या दोन खोल्यांतून गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर आठ महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. तळ्याचे पाणी आपल्याला मिळाले, ते एका आईच्या कोरड्या झालेल्या डोळ्यांच्या साक्षीने मिळाले, हे विसरता कामा नये.

महाडनंतर 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. लिहिणारे, तपासणारे, चालविणारे सारे काही एकटे बाबासाहेब. पत्र तोट्यात गेले. तेव्हा १९२८ मध्ये त्यांनी पत्रातूनच समाजापुढे रोखठोक प्रश्न ठेवला की या पत्राचे कर्ज हे एकट्याचे खासगी कर्ज समजायचे की सार्वजनिक? प्रश्न पत्रापुरता नव्हता. पत्राचा तोटा ज्या खिशातून भरला जात होता, त्याच खिशातून पोयबावडीची चूल चालत होती. चळवळीचे कर्ज सुरुवातीला रमाईंच्या पिठाच्या डब्यातून फेडले गेले आहे. आपल्यावर ऋण आहे ते हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रमाईंची काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हता. धारवाडच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्याची आठवण चळवळीत आदराने सांगितली जाते. स्वतःसाठी आणा वाचवायचा आणि समाजाच्या लेकरांसाठी सोने द्यायचे, अशी ही काटकसर होती.

परंतु या काटकसरीचे नुसते पोवाडे गाऊन चालणार नाही. तिने रमाईंचे शरीर पोखरले. उपासमार, बाळंतपणे, अपत्यशोक आणि काळजी यांनी त्या खंगत गेल्या. दादरला राजगृह उभे राहिले, पण पोयबावडीत दोन दशके काढलेल्या या माउलीला तेथे फार दिवस राहता आले नाही. २७ मे १९३५ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, त्या गेल्या. लगेचच जूनमध्ये बाबासाहेब सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. स्थिर पगाराचे दिवस आले आणि ज्या हातांनी तो पगार पुरवून वापरला असता ते हात नव्हते. पुढे पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्या स्मृतीस अर्पण केला. मित्रही नव्हते अशा ओढाताणीच्या दिवसांत तिने आपल्याबरोबर सोसले, याची कृतज्ञ नोंद त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत केली. नवऱ्याने स्वतः हिशेब मान्य केला. समाजाने अजून केलेला नाही.

मग आपण काय शिकायचे? कर्ज दोन प्रकारचे असते. एक गुलाम करते, दुसरे मुक्त करते. सावकाराच्या आणि खोताच्या कर्जाने आपल्या पिढ्या बांधल्या गेल्या. त्या कर्जाचे कारण बहुधा लग्नकार्य, सणवार, मानपान हेच असे. बाबासाहेब-रमाईंनी असले कर्ज टाळले आणि शिक्षणासाठी जे घेतले त्यासाठी आपली राहणी आवळली. आज सावकाराची जागा बचतगटाच्या नावाने फिरणाऱ्या वसुलीवाल्यांनी आणि मोबाईलवर चुटकीसरशी मिळणाऱ्या कर्जाने घेतली आहे. हप्ता घरातील बाईच्या नावावर असतो, दारात उभा राहणारा वसुलीवाला तिलाच बोलतो, आणि पैसा गेलेला असतो डीजेवर, मांडवावर, पाच पक्वान्नांच्या पंगतीवर. ज्यांचे लग्न बाजाराच्या ओट्यावर झाले त्यांच्या नावाने जयभीम म्हणायचा आणि मुलीच्या लग्नासाठी घर गहाण टाकायचे, हे कोणत्या विचारात बसते?

आणि दुसरा प्रश्न पुरुष कार्यकर्त्यांना. घराचा जमाखर्च बायकोवर टाकून आपण चळवळीत मोकळे फिरतो. तिला आजार झाला तर औषधाला पैसे आहेत काय, हे विचारतो का? रमाईंसारखे सोस, असे बायकोला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. रमाईंवर जी वेळ आली ती दुसऱ्या कोणत्याही बाईवर येऊ नये, यासाठीच तर चळवळ आहे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून सरकारशी भांडले पाहिजे आणि ती मिळेपर्यंत आपल्या विद्यार्थ्याला उभे करणारा निधी प्रत्येक विहारात, प्रत्येक वस्तीत असला पाहिजे. नवल भथेनांनी मित्राला ५,००० रुपये दिले. अख्खी वस्ती मिळून एका मुलीची परीक्षा फी भरू शकत नाही काय?

येत्या जयंतीला मांडवाचा खर्च अर्धा करा. उरलेले पैसे वस्तीतील विद्यार्थी निधीत टाका. हिशेब फळ्यावर लिहून विहाराच्या दारात लावा आणि तो निधी वस्तीतील महिलांच्या हाती सोपवा. एक-एक आणा राखून बॅरिस्टर घडविणाऱ्या माता रमाईंना तेच खरे अभिवादन ठरेल. जयभीम!