जॉर्ज वॉशिंग्टन कॉर्नर

जॉर्ज वॉशिंग्टन कॉर्नर (जन्म : बाल्टिमोर, मेरीलँड, १२ डिसेंबर १८८९, मृत्यू : हंट्सव्हिल, अलाबामा, २८ सप्टेंबर १९८१) हे अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ, भ्रूणवैज्ञानिक आणि वैद्यकाचे इतिहासकार होते. गर्भाशयाच्या अंतःस्तराला गर्भधारणेसाठी सज्ज करणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा शोध त्यांनी विलर्ड ॲलन यांच्यासह लावला.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून ते १९१३ मध्ये वैद्यकीय पदवीधर झाले. काही काळ स्त्रीरोग विभागात काम केल्यावर त्यांनी रुग्णसेवेऐवजी प्रयोगशाळा निवडली. कॅलिफोर्नियात असताना त्यांनी कत्तलखान्यांतून डुकरिणींचे अंडाशय व गर्भाशय मिळवून त्यांतील चक्रीय बदलांचा माग काढला. अंड बाहेर पडल्यावर अंडाशयात उरणारा पिवळसर पिंड, म्हणजे पीतपिंड, आणि गर्भाशयाचे अस्तर यांचे बदल हातात हात घालून चालतात, हे त्यांना तेथे स्पष्ट दिसले. पुढे बाल्टिमोरला परतल्यावर त्यांनी ऱ्हीसस माकडिणींचा अभ्यास केला. अंडमोचन झाले नाही तरी रजःस्राव होऊ शकतो, हे त्यांनी १९२३ मध्ये दाखवले.

==प्रोजेस्टेरॉनचा शोध==

पीतपिंड काढल्यास सशाच्या मादीचा गर्भ टिकत नाही, हे जर्मन वैद्य लुडविग फ्रेंकेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवले होते. मात्र पीतपिंडातून नेमके काय स्रवते, हा प्रश्न उरला होता. रॉचेस्टर विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय शाळेत शरीररचनाशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाल्यावर कॉर्नर यांनी तो हाती घेतला. समागमानंतर लगेच अंडाशय काढले, तर भ्रूण काही दिवस वाढतात आणि मग मरतात. कारण अस्तर त्यांना सामावून घेण्यास तयारच झालेले नसते. त्यावेळी विद्यार्थी असलेल्या ॲलन यांच्यासह त्यांनी डुकरिणींच्या पीतपिंडांचा अल्कोहोलमध्ये अर्क काढला. तो टोचल्यावर अंडाशय नसलेल्या सशाच्या मादीच्या अस्तरातही ग्रंथींची अपेक्षित वाढ झाली (१९२९). पुढील वर्षी अशा माद्यांमध्ये भ्रूणांचे रोपण होऊन ते वाढल्याचेही त्यांनी दाखवले.

या कामातील सर्वांत उद्बोधक भाग यशाचा नसून मधल्या अपयशाचा आहे. पहिल्या यशानंतर निकाल बेभरवशाचे येऊ लागले. अर्क काढण्याच्या पद्धतीतच काहीतरी चुकते आहे असे वाटून दोघांनी तिची पुन्हा तपासणी केली. पण अर्क निर्दोष होता. प्रयोगासाठी घेतलेल्या काही माद्या वयाने फार लहान होत्या. त्यांच्या गर्भाशयाला अद्याप इस्ट्रोजेनचा स्पर्श झाला नव्हता, म्हणून प्रोजेस्टेरॉनची आज्ञा तेथे पोहोचूनही पाळली जात नव्हती.

याचे कारण पेशींतील ग्राहींच्या अभ्यासातून पुढे कळले. संप्रेरक रक्तातून सर्वत्र फिरते; परंतु ज्या पेशीत त्याचा ग्राही असतो, तेथेच ते काम करते. अस्तरातील पेशींमध्ये प्रोजेस्टेरॉनचे ग्राही तयार होण्यास इस्ट्रोजेन प्रवृत्त करते, तर स्वतः प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनच्या ग्राहींची संख्या घटवून अस्तराची वाढ आवरते. १९८० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयातील एपिडर्मल वृद्धिघटकाचे ग्राहीही वाढतात, असे आढळले. थोडक्यात, पेशी कोणत्या वृद्धिघटकाला किती प्रतिसाद देईल, यावरही संप्रेरकांचा अंमल चालतो.

१९३४ मध्ये चार स्वतंत्र गटांनी हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळवले. त्यांपैकी एका गटात ॲलन होते. कॉर्नर व ॲलन यांनी दिलेले प्रोजेस्टिन आणि जर्मन संशोधकांचे ल्युटिओस्टेरॉन ही दोन नावे जुळवून १९३५ मध्ये प्रोजेस्टेरॉन हे नाव ठरले. या शोधासाठी कॉर्नर यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही.

==उत्तरायुष्य==

१९४० ते १९५५ या काळात ते कार्नेगी संस्थेच्या भ्रूणविज्ञान विभागाचे संचालक होते. सामान्य वाचकांसाठी लिहिलेले 'द हॉर्मोन्स इन ह्युमन रिप्रॉडक्शन' हे त्यांचे पुस्तक १९४२ मध्ये निघाले. कुमारवयीन मुलामुलींना शारीरिक बदलांची माहिती देणारी पुस्तकेही त्यांनी लिहिली; त्या काळी या विषयावर उघड बोलणे अवघड होते, हे लक्षात घेता ते धाडसच होते. निवृत्तीनंतर त्यांनी रॉकफेलर संस्थेचा इतिहास लिहिला आणि फिलाडेल्फियातील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचा कारभार दीर्घकाळ पाहिला. त्यांचे आत्मचरित्र १९८१ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाले.