बहिऱ्यांचे धर्मगुरू आबे द लेपे

श्रद्धेचा उगम श्रवणात आहे, या संत पौलाच्या शिकवणीचा कित्येकांनी शतकानुशतके फार आखूड अर्थ लावला. ज्यास ऐकू येत नाही त्यास धर्मोपदेश पोहोचत नाही. आणि ज्यास धर्मोपदेश पोहोचला नाही त्यास पापनिवेदन कसले आणि कम्युनियन कसली, असा तो हिशेब होता. जन्मतः बहिऱ्या बालकाचा बाप्तिस्मा होई, परंतु पुढे वेदीच्या कठड्यापर्यंत त्यास क्वचितच कोणी नेई. या समजुतीस ज्यांनी मोठा धक्का दिला ते शार्ल मिशेल द लेपे हे फ्रान्स देशातील एक धर्मगुरू होत. तिकडे धर्मगुरूस आबे म्हणण्याची रीत आहे.

त्यांचा जन्म 1712 साली व्हर्साय येथे झाला. वडील राजाच्या पदरी वास्तुकार होते. त्या काळी यान्सेनपंथाचा वाद पेटला होता. त्या मताविरुद्धच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्यास तरुण द लेपे यांनी नकार दिला, म्हणून त्यांची गुरुदीक्षा अडली. मग त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. पुढे त्र्वा येथील बिशपांनी त्यांस दीक्षा दिली. तथापि पॅरिसमध्ये पापनिवेदन ऐकण्याची त्यांस मनाई झाली. त्यांच्या त्या मताची तरफदारी मी करणार नाही. ख्रिस्तसभेने त्या वादाचा निकाल केव्हाच दिला आहे. परंतु दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांस अनुभवाने ठाऊक असले पाहिजे.

1760 च्या सुमारास काही कामानिमित्त ते पॅरिसमधील एका घरी गेले. दोघी बहिणी शिवणकाम करीत बसल्या होत्या. त्यांनी विचारपूस केली, उत्तर नाही. पुन्हा विचारले, मान वर होईना. आई घरी आली आणि रडत रडत तिने सांगितले, की या जुळ्या मुली बहिऱ्या आहेत. एक फादर वानें त्यांस चित्रे दाखवून धर्म शिकवीत असत, ते वारले, आणि आता कोणी येत नाही. या मुली ईश्वरास न ओळखताच जगतील व मरतील, या विचाराने आबे अस्वस्थ झाले आणि ते काम त्यांनी आपल्या शिरावर घेतले.

चित्रांनी भागेना. संताचे चित्र दाखविता येते, क्षमेचे कसे दाखवावे? तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की बहिरी माणसे आपसांत हातांनी बोलतात आणि ते बोलणे अपुरे नाही. गुरूनेच शिष्याची भाषा आधी शिकावी, असे त्यांनी ठरविले. (आपल्याकडे बहिरे मूल धर्मशिक्षणास आले, तर आपण त्यास मागच्या बाकावर बसवून मोकळे होतो.) फ्रेंच व्याकरण हातात आणण्यासाठी त्यांनी त्या खुणांना आपल्या खुणांची जोड दिली. ती जोड बोजड होती व पुढे गळून पडली. मुलांची मूळ भाषा मात्र टिकली.

मुलें रस्त्यावरील आपल्या घरातच त्यांनी शाळा उघडली. फी नव्हती, आणि श्रीमंतांपेक्षा गरिबांची मुले त्यांस अधिक प्रिय होती. 1771 पासून जाहीर परीक्षा होऊ लागल्या. पवित्र संस्कारांविषयीच्या प्रश्नांस बहिरी मुले लेखी उत्तरे देत आणि सरदारदरकदार थक्क होत. 1777 साली सम्राट दुसरा योसेफ स्वतः पाहून गेला. त्यातून 1779 साली व्हिएन्ना येथे शाळा निघाली. रशियाच्या राणीच्या वकिलाने मौल्यवान देणगी देऊ केली, तेव्हा आबेंनी त्याऐवजी एखादे बहिरे मूल पाठवून देण्यास सांगितले.

1788 चा हिवाळा अतिशय कडक होता. पंचाहत्तरी उलटलेल्या आबेंनी मुलांचे पैसे वाचावेत म्हणून आपल्या खोलीत शेगडी पेटविली नाही. मुलांस हे कळताच ती येऊन रडू लागली, तेव्हा कोठे त्यांनी लाकडे आणविली. आणि नंतर तो खर्च आपण मुलांच्या तोंडून काढून घेतला म्हणून हळहळत राहिले. 23 डिसेंबर 1789 रोजी त्यांनी देह ठेवला. पॅरिसच्या संत रोक चर्चमध्ये त्यांस मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या पश्चात सारे सुरळीत झाले असे नव्हे. 1880 साली मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा घालवून केवळ ओठांच्या बोलण्याचा आग्रह धरला आणि बहिऱ्यांचे फार नुकसान केले. आपल्या मुंबईत बिशप लेओ म्युरिन यांच्या पुढाकाराने 1885 साली बहिऱ्यांसाठी शाळा निघाली; भारतातील ती पहिली मानली जाते. आणि बहिऱ्यांच्या उपासनेत वेदीवरून खुणांच्या भाषेने प्रार्थना करण्यास रोमहून अनुमती आली ती 1965 च्या डिसेंबरात, त्या दोघी बहिणींच्या घरी आबे गेले त्यास दोनशे वर्षे उलटल्यावर.