जीर्णोद्धार, पुनर्निर्माण, पुनरुज्जीवन: अहिल्याबाईंचे काम कोणत्या शब्दाचे?

पडलेली, मोडलेली, विसरलेली गोष्ट पुन्हा उभी राहिली की आपण हाताशी येईल तो शब्द वापरतो. जुन्या वाड्याला रंग दिला तरी जीर्णोद्धार, बंद वाचनालय उघडले तरी पुनरुज्जीवन! आम्हा इंदूरकरांच्या तोंडी तर जीर्णोद्धार हा शब्द देवी अहिल्याबाईंच्या नावाला जोडूनच येतो. त्यांचे चरित्र पाहिले की मात्र वाटते, एवढ्या एका शब्दात हे काम मावत नाही.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा, चौंडी गावच्या माणकोजी शिंदे पाटलांच्या घरचा. वयाच्या आठव्या वर्षी होळकरांच्या घरात सून म्हणून आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवले आणि पुढे तिच्यावर कारभाराचा भार टाकला. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी एकुलते पुत्र मालेराव. मग फौज तुकोजी होळकरांकडे देऊन बाईंनी महेश्वरहून १७९५ पर्यंत राज्य चालवले.

जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार. वास्तू जागेवर असते, झिजलेली असते. वेरूळच्या घृष्णेश्वराचे काम या जातीचे. ते पूर्वी मालोजीराजे भोसले यांनी केले होते. नंतर होळकर घराण्यातल्या सासू-सुनांनी, गौतमाबाई आणि अहिल्याबाईंनी, ते पुन्हा हाती घेतले. काशी विश्वनाथाचे तसे नाही. जुने देऊळ १६६९ मध्ये पाडले गेले होते. अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास शेजारच्या जागेत नवे उभारले. सोमनाथलाही १७८३ मध्ये भग्न देवळापासून थोड्या अंतरावर वेगळे मंदिर बांधले. मूळ जागेवर मंदिर उभे राहून तिथे प्रतिष्ठा झाली ती १९५१ मध्ये. गंमत अशी, की आज यात्रेकरू बाईंच्या मंदिरालाच जुने सोमनाथ म्हणतात! या दोन्ही ठिकाणी दगड नवे, जागा नवी. परत आली ती पूजा. आमच्या मते इथे पुनरुज्जीवन हाच शब्द बसतो.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्हाला यामागचा हिशेब अधिक भावतो. होळकरांकडे दौलत आणि खासगी ही खाती वेगळी होती. खासगीची जहागीर १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे मिळालेली. देवळे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा खर्च अहिल्याबाईंनी या खासगीतून केला. शिवाय नुसते बांधून सोडले नाही. पूजा-नैवेद्यासाठी नेमणुका लावून दिल्या. निष्क्रिय खाते पुन्हा चालू करता येते, पण पुढे व्यवहारच झाला नाही तर ते पुन्हा निष्क्रिय होते, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक! कळस चढवल्याचा फोटो निघतो, दिवाबत्तीची तरतूद कोणी विचारत नाही. आपल्या मंडळांनीही हे मनावर घ्यायला हरकत नाही.

एवढे सगळे उभे करणाऱ्या बाईंच्या घरात मात्र परत काही आले नाही. नातू गेला, १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. सासऱ्याने त्यांना थांबवले होते. त्यांना लेकीला थांबवता आले नाही. त्यानंतर चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, त्यांनी देह ठेवला.

महेश्वरला विणकर आणून वसवल्याचे श्रेयही परंपरा त्यांनाच देते. काळाच्या ओघात तिथले माग बंद पडत गेले. १९७९ मध्ये होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा संस्था काढून विणकर स्त्रियांना पुन्हा मागावर बसवले. रेहवा हे नर्मदेचेच, रेवेचे नाव. किल्ल्याच्या नि घाटाच्या नक्षीवरून उचललेले काठ आज महेश्वरी साडीवर दिसतात आणि इंदूरच्या लग्नघरात त्या साडीला पैठणीच्या शेजारी जागा असते.